माध्यमवर्गात ‘प्रोफेशनल’ वागणे म्हणजे काय? अल्लीपूरचा एक अनुभव

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. अल्लीपूरला आम्ही दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहाराच्या सभागृहात मुलामुलींसाठी माध्यमवर्ग घेत होतो. बारावीपासून पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंतची १४ मुले-मुली होती. साहित्य म्हणजे ज्याचा त्याचा मोबाइल, एक उसना ट्रायपॉड आणि दोन कॉलर माइक. बातमी कशी लिहायची, मुलाखत कशी घ्यायची, व्हिडिओ कसा कापायचा आणि जोडायचा, एवढे शिकवायचे ठरले होते. माझे शिक्षण समाजशास्त्राचे आणि काम गावपातळीवरचे. पत्रकारितेची पदवी माझ्याकडे नाही. पण आपल्या वस्तीची बातमी आपल्या मुलांनी करावी, हा आग्रह होता.

चौथ्या रविवारी आम्ही जवळच्या एका गावात गेलो. तिथे महिन्याभरापूर्वी एका शेतकऱ्याने आत्महत्या केली होती. गावाचे नाव मी लिहीत नाही, कुटुंबाचे तर नाहीच. का नाही, ते पुढे येईलच. घरी त्यांची पत्नी, दीर आणि दोन लहान मुले होती. बाईंनी आम्हाला चहा दिला, बोलल्या, रडल्या. बोलता बोलता दीर म्हणाला, “थोडीफार दारू बी घे तो.” बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि तो गप्प झाला. आमच्या वर्गातला एक मुलगा मोबाइलवर हे सगळे टिपत होता.

त्याच रात्री त्याने ४० सेकंदांचा तुकडा स्टेटसला ठेवला. खाली करुण संगीत, मध्ये नऊ वर्षांच्या मुलीचा रडवेला चेहरा आणि शेवटी दिराचे ते वाक्य. सकाळपर्यंत तो तुकडा तीन गावांच्या ग्रुपवर फिरला. दोन दिवसांनी बाई मला शोधत अल्लीपूरला आल्या. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. एवढेच म्हणाल्या, “ताई, म्या तुमाले घरात घेतलं. तुमच्या पोराइनं माह्या घरची गोष्ट गावभर केली. आता सायबानं तो व्हिडिओ पाह्यला तर?”

त्यांची भीती उगाच नव्हती. महाराष्ट्रात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळते. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. पण त्याआधी चौकशी होते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा ही कारणे पाहिली जातात. दारू किंवा घरगुती भांडण असा शेरा पडला की प्रकरण अपात्र होण्याची भीती असते, हे विदर्भातल्या प्रत्येक विधवेला ठाऊक आहे. आमच्या मुलाला ते ठाऊक नव्हते. आणि खरे सांगायचे तर ते त्याला सांगण्याची जबाबदारी माझी होती. मी तीन रविवार कॅमेऱ्याचा कोन, उजेड आणि आवाज शिकवला होता. दुसऱ्याच्या घरात कसे वागायचे, यावर एक तासही घेतला नव्हता.

तो मुलगा वाईट नाही. त्याचे उत्तर होते, “ताई, त्यांचं दुःख लोकांपर्यंत पोचावं म्हणून टाकलं.” हेच वाक्य मला जास्त टोचले. आपल्या चळवळीतल्या कितीतरी तरुणांचा हेतू असाच चांगला असतो. पण चांगला हेतू आणि चांगले वागणे यांत अंतर आहे. ते अंतर भरून काढणाऱ्या सवयींनाच मी आता ‘प्रोफेशनल वर्तन’ म्हणते. त्या सवयी कोणत्या आणि त्या आपल्याच मुलांना आधी का शिकवायला हव्यात, ते या लेखात सांगायचे आहे.

टाय, इंग्रजी आणि आयकार्ड

या प्रसंगानंतर पुढच्या वर्गात मी मुलांना विचारले, प्रोफेशनल म्हणजे काय? उत्तरे अशी आली: इस्त्रीचे कपडे, गळ्यात आयकार्ड, चांगला कॅमेरा, शुद्ध भाषा, फाडफाड इंग्रजी. एका मुलीने हळूच सांगितले की एका ठिकाणी तिला बोलण्यावरून टोकले होते. तिचे ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ ऐकून तिथले लोक हसले आणि “असं बोलणं प्रोफेशनल वाटत नाही” म्हणाले.

इथे थांबून विचार करायला हवा. ‘प्रोफेशनल’ हा शब्द आपल्याकडे पुष्कळदा जात आणि वर्ग झाकायला वापरला जातो. कोणाची भाषा प्रमाण, कोणाचे उच्चार गावंढळ, कोणाचे आडनाव ‘ओळखीचे’, हे त्या एका शब्दाच्या आडून ठरते. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी २०१९ मध्ये एक अहवाल काढला. त्यांनी वृत्तपत्रे, वाहिन्या, संकेतस्थळे आणि मासिके यांतली नेतृत्वाची १२१ पदे तपासली. त्यांतल्या १०६ पदांवर तथाकथित उच्च जातींतले लोक होते. अनुसूचित जाती-जमातींतले एकही नव्हते. त्याआधी १९९६ मध्ये पत्रकार बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत दलित पत्रकार शोधण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना कोणी सापडले नाही. त्यावर त्यांनी ‘पायोनियर’मध्ये लिहिलेला लेख आजही चर्चेत असतो. या दोन नोंदींमध्ये २३ वर्षे आहेत.

त्यामुळे आपल्या मुलांना कोणी ‘प्रोफेशनल व्हा’ म्हटले की त्यांना ‘आमच्यासारखे व्हा’ असे ऐकू येते. यावर दोन प्रतिक्रिया उमटतात. काही मुले स्वतःची भाषा लपवतात. काही उलट टोकाला जातात आणि म्हणतात, “आम्ही कार्यकर्ते आहोत, असले नियम आम्हाला नकोत.” दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. वऱ्हाडीत विचारलेला प्रश्न पूर्ण प्रोफेशनल असू शकतो. आपल्या भागातली म्हातारी बाई वऱ्हाडीतच मोकळी होते. आणि इस्त्रीच्या कपड्यातला, आयकार्डवाला माणूस मृताच्या लेकराच्या तोंडाजवळ माइक धरतो, तेव्हा तो अजिबात प्रोफेशनल नसतो.

बाबासाहेबांचा साबणाचा दाखला

या शब्दाचा खरा अर्थ शोधायला फार दूर जावे लागत नाही. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले मेमोरियल हॉलमध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांचे भाषण झाले. ते पुढे ‘रानडे, गांधी आणि जीना’ या नावाने पुस्तकरूपात आले. त्यात त्यांनी भारतीय वृत्तपत्रांवर कडक टीका केली आहे. त्यांचा मुद्दा असा: पत्रकारिता एकेकाळी पेशा होती, आता ती धंदा झाली आहे, आणि साबणाच्या कारखान्याला जेवढे नैतिक कर्तव्य असते त्याहून अधिक तिला उरलेले नाही. वृत्तपत्रे स्वतःला लोकांचे जबाबदार सल्लागार मानत नाहीत, ही त्यांची तक्रार होती.

पेशा आणि धंदा यांतला हा फरक माध्यमवर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. धंद्यात प्रश्न असतो: खपले का? पेशात प्रश्न असतो: ज्याच्यासाठी काम केले, त्याच्याशी मी इमानदार राहिलो का? डॉक्टरच्या हाती रुग्णाचे शरीर असते, वकिलाच्या हाती पक्षकाराचे प्रकरण. बातमीदाराच्या हाती माणसाची गोष्ट असते. दुसऱ्याची मौल्यवान वस्तू हाती आली की मर्जीप्रमाणे वागता येत नाही, म्हणून पेशाला नियम असतात.

‘प्रोफेशन’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ जाहीरपणे सांगणे, सर्वांसमोर वचन देणे असा आहे. आपल्याला ही कल्पना नवी नाही. आपण पंचशील घेतो तेव्हा ‘समादियामि’ म्हणतो. म्हणजे हा नियम मी स्वतःहून अंगीकारतो, कोणी लादला म्हणून नव्हे. माध्यमवर्गातले नियमही असेच स्वतःहून घ्यायचे असतात.

बाबासाहेब स्वतः संपादक होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला. शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती. पुढे ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९२८ मध्ये ‘समता’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला ‘प्रबुद्ध भारत’. पैसा नाही, माणसे नाहीत, जाहिराती नाहीत. ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले. साधने नव्हती म्हणून ते कामात ढिले राहिले नाहीत. माहिती, कायदा, आकडे, विरोधकाचे म्हणणे आणि त्याला उत्तर, हे सगळे त्या मजकुरात असे. ज्यांना जाहिरातीसाठीही जागा मिळाली नाही, त्यांनी आपले पत्र अधिक काटेकोर चालवले. आपण त्यांचा वारसा सांगतो तो याही बाबतीत सांगायला हवा.

मग वागायचे कसे?

त्या प्रसंगानंतर आमच्या वर्गाने बसून काही नियम ठरवले. मी शिकवले, असे म्हणणार नाही. वादावादी करून मुलांनीच ठरवले. कोणत्याही विहारात, वसतिगृहात किंवा महाविद्यालयात माध्यमवर्ग चालत असेल तर ते उपयोगी पडतील, म्हणून कारणांसह देते.

वेळ आणि शब्द पाळणे. अकराला येतो म्हटले तर अकराला जायचे. मजुरी करणाऱ्या बाईला तुम्ही थांबवून ठेवले तर तिचा अर्धा दिवस जातो, त्याचे पैसे तुम्ही देत नाही. ‘व्हिडिओ झाला की दाखवतो’ म्हटले असेल तर दाखवायचाच. वस्तीवर संस्था येतात, फोटो काढतात आणि परत फिरकत नाहीत. आपणही तसेच केले तर पुढच्या वेळी दार बंद असते, आणि ते योग्यच असते.

संमती घेणे. घरात घेतले, चहा दिला, याचा अर्थ चित्रीकरणाला होकार दिला असा होत नाही. आपल्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणत नाहीत, म्हणून नाही म्हणण्याची वाट आपणच करून द्यायची. आम्ही आता पाच गोष्टी तिथल्या बोलीत सांगतो: आम्ही कोण, हे कशासाठी, कुठे दिसणार, चेहरा आणि नाव दाखवायचे की नाही, आणि मध्येच थांबवायचे असेल तर कसे सांगायचे. हे सांगेपर्यंत मोबाइल खिशात. लहान मुलांच्या बाबतीत पालकांचा होकार लागतोच, पण पालकांनी होकार दिला तरी रडणाऱ्या लेकराचा चेहरा दाखवायचा नाही. आणि होकार एकदा दिला म्हणजे कायमचा दिला असे नाही. प्रसिद्ध करण्याआधी माणसाने मागे घेतला तर तो तुकडा काढायचा.

पडताळणी करणे. ‘सगळे म्हणतात’ ही बातमी नाही. कोण म्हणतो, त्याने स्वतः पाहिले का, कागद काय म्हणतो आणि समोरच्याची बाजू काय, हे चार प्रश्न विचारायचे. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या काही बातम्यांत त्याला अनैतिक संबंधाचा रंग दिला गेला. जात आणि जमिनीचा वाद बाजूला पडला. मारल्या गेलेल्या बाईची बदनामी मात्र पसरली. पडताळणी न केलेली एक ओळ काय करू शकते, हे आपल्या समाजाने सोसले आहे.

म्हणूनच आपली बातमी अधिक घट्ट असली पाहिजे. अत्याचाराची घटना कळली की ‘न्याय द्या’ एवढे लिहून थांबू नका. गुन्हा कोणत्या कलमांखाली नोंदवला? अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा, १९८९ ची कलमे लावली का? तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का? ६० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले का? फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळाली का? हे प्रश्न विचारणारा विद्यार्थी दहा घोषणांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. आणि लिहिताना ‘आरोप आहे’, ‘गुन्हा दाखल झाला’ आणि ‘न्यायालयात सिद्ध झाले’ या तीन गोष्टींची सरमिसळ करायची नाही. उद्या समोरच्याचा वकील आपलीच बातमी न्यायालयात आपल्या माणसाविरुद्ध वापरू शकतो.

काय दाखवायचे नाही, ते ठरवणे. आपल्या तालुक्याचेच उदाहरण घेऊ. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला कॉलेजला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिले गेले. १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, आरोपीला जन्मठेप झाली. त्या आठ दिवसांत तिचे फोटो किती मोबाइलवर फिरले, ते आपण सर्वांनी पाहिले. पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना राग आणि दुःखच वाटत होते. तरीही तिच्या आईवडिलांनी ते फोटो वारंवार समोर येताना पाहावेत, असे त्या रागात काय होते?

लैंगिक गुन्ह्यांच्या बाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बालकांसाठी पॉक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना प्रकरणात सांगितले की नाव तर नकोच, पण ओळख पटेल असा कोणताही तपशील नको. समाजमाध्यमेही त्यात आली. पीडिता मरण पावली असली तरी केवळ नातेवाइकांच्या परवानगीने नाव जाहीर करता येत नाही. आपल्या मोर्च्यांच्या फलकांवर, श्रद्धांजलीच्या पोस्टवर काय छापले जाते, ते या निकालाशी ताडून पाहा. ‘गावाचे नाव, आडनाव आणि वडिलांचे दुकान’ एवढे लिहिले की नाव न लिहिताही नाव कळते.

आत्महत्येच्या बातमीचेही नियम आहेत. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाने सप्टेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. पद्धतीचे वर्णन करू नये, ठिकाणाचा तपशील देऊ नये, भडक मथळा नको, फोटो आणि व्हिडिओ वापरू नयेत. ही तत्त्वे माझ्या हाती ती घटना घडल्यानंतर आली. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या पॅकेजसाठी विदर्भातले जे सहा जिल्हे निवडले गेले, त्यात वर्धा होता. अशा जिल्ह्यात माध्यमवर्ग घेणाऱ्याने ती तत्त्वे पहिल्याच दिवशी वाचायला हवी होती.

वर्गातल्या वर्गात नीट वागणे. बाहेर समतेची भाषा आणि वर्गात कॅमेरा कायम मुलांच्या हाती, मुलींनी फक्त निवेदन करायचे, असे आमच्याकडेही झाले. आता कामे आळीपाळीने होतात. ज्याने माहिती आणली त्याचे नाव कामावर येते. दुसऱ्याचा मजकूर उचलून स्वतःच्या नावाने दिला, किंवा एआयकडून लिहून घेऊन स्वतः गावात गेल्यासारखे भासवले, तर ते काम बाद होते. टीका करायची ती कामावर, माणसावर नाही. मुलींचे नंबर परवानगीशिवाय कोणाला द्यायचे नाहीत आणि रात्री अवेळी मेसेज करायचे नाहीत. कच्चे चित्रीकरण वर्गाबाहेर जाणार नाही. हा शेवटचा नियम आम्ही फार उशिरा केला.

कार्यकर्ता आणि बातमीदार

या नियमांवर एका मुलाने रास्त आक्षेप घेतला. तो म्हणाला, “ताई, आपण तटस्थ कसे राहायचे? आपलाच माणूस मार खातोय.” त्याचे म्हणणे मला पटते. अन्याय आणि अन्यायग्रस्त यांच्या बरोबर मध्ये उभे राहणे म्हणजे प्रोफेशनल असणे, असे मी मानत नाही. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ हे नावच बाजू घेऊन ठेवले होते.

पण बाजू घेणे वेगळे आणि तथ्य वाकवणे वेगळे. उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंडात २००२ पासून ‘खबर लहरिया’ चालते. दलित, आदिवासी, मुस्लिम आणि मागास समाजांतल्या ग्रामीण स्त्रिया ते चालवतात. त्यांच्या कामावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या अंतिम नामांकनात होता. त्या बायका कोणाच्या बाजूच्या आहेत, हे कोणाला विचारावे लागत नाही. पण त्या गावात जातात, अधिकाऱ्याला विचारतात, कागद पाहतात आणि मग लिहितात. विशेष म्हणजे त्या माहितीपटात आपले काम एकांगी दाखवले गेले आहे, असे वाटल्यावर त्यांनी जाहीर निवेदन काढून तेही सांगितले. जगभर गाजणाऱ्या, स्वतःच्याच कौतुकाच्या चित्रातही चूक दाखवायची, हे मला फार प्रोफेशनल वाटते.

आपल्या बाबतीत साधी सवय ठेवावी. आज मी मोर्च्यात घोषणा देत असेन, तर त्याच मोर्च्याची बातमी दुसऱ्याने करावी. ते शक्य नसेल तर बातमीत सांगावे की लिहिणारा आयोजकांपैकी आहे. मोर्च्याला ५०० लोक असतील तर ५०० लिहावे, ५ हजार नाही. आपल्या संघटनेतली चूक कळली तर तीही लिहिण्याची तयारी हवी. ही सर्वांत अवघड गोष्ट आहे आणि आमच्या वर्गालाही अजून पूर्ण जमलेली नाही.

चूक झाली तर

चूक होणारच. प्रोफेशनल माणूस तिच्यानंतर काय करतो, ते महत्त्वाचे. बाई अल्लीपूरला येऊन गेल्यावर आम्ही आधी तो तुकडा काढला. मग ज्या ग्रुपवर तो गेला होता, तिथल्या एकेका माणसाला फोन करून काढायला लावला. मुलगा आणि मी त्यांच्या घरी गेलो. त्याने स्वतः हात जोडून माफी मागितली. मी मागितली, कारण वर्ग माझा होता. ‘तुमच्या भावना दुखावल्या असतील तर’ असे म्हटले नाही, ‘आमच्याकडून चूक झाली’ असे म्हटले. सातबारा, बँकेचे कर्जखाते आणि सोसायटीची नोटीस या कागदांची जुळवाजुळव करायला वर्गातल्या दोन मुली त्यांच्यासोबत तहसीलला गेल्या. ते करताना कॅमेरा नेला नाही.

पुढे प्रस्ताव मंजूर झाला. पण मधले तीन महिने त्या बाई काय अवस्थेत होत्या, ते मी पाहिले आहे. आधीच घरातला माणूस गेलेला, आणि त्यावर ४० सेकंदांची ही टांगती तलवार.

मज्झिम निकायात अभयराजकुमार सुत्त आहे. कोणते बोलणे बोलावे, हे तथागत त्यात राजकुमाराला समजावतात. बोलणे खरे आहे का, हिताचे आहे का आणि त्याची वेळ योग्य आहे का, या तीन कसोट्या त्यात येतात. खरे पण अहिताचे बोलणे तथागत बोलत नाहीत. खरे, हिताचे पण ऐकणाऱ्याला कडू लागणारे बोलणे ते योग्य वेळ पाहून बोलतात. राजकुमाराच्या मांडीवर लहान मूल असते. त्याच्या घशात खडा अडकला तर काय करशील, असे विचारल्यावर तो म्हणतो की रक्त आले तरी काढीन, कारण त्या मुलाबद्दल करुणा आहे.

दिराचे वाक्य कदाचित खरे असेल. पण ते हिताचे नव्हते, वेळ योग्य नव्हती, आणि ते सांगण्याचा अधिकार आमचा नव्हता. उलट सावकाराचा, भ्रष्ट अधिकाऱ्याचा किंवा आपल्याच पुढाऱ्याचा खडा काढायचा असेल, तर रक्त आले तरी हात आखडता घेऊ नये. कोणाचे झाकायचे आणि कोणाचे उघडे पाडायचे, हा विवेक ज्या वर्गात शिकवला जातो तो खरा माध्यमवर्ग.

तो मुलगा अजून वर्गात येतो. नवीन बॅचला संमतीचा तास आता तोच घेतो. सुरुवातीला सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला सांगतो आणि म्हणतो, “आधी माणसाशी बोलू.” आपल्या वस्तीत, विहारात असा वर्ग सुरू करणाऱ्या प्रत्येक तरुण मित्र-मैत्रिणीला माझी एवढीच विनंती आहे, की पहिला तास कॅमेऱ्याचा ठेवू नका, या गोष्टींचा ठेवा. ट्रायपॉड नंतरही उसना मिळतो.

जयभीम! नमो बुद्धाय!